नोकरी देणाऱ्याची पत

अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी सारे जग येते. अजिंठा गावातील तरुणांना मात्र नोकरीसाठी सुमारे शंभर किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत ते काम शोधतात. खोलीचे भाडे व खानावळीचे पैसे घरच्या मक्याच्या पट्टीतून आलेले असतात. पहिल्याच मालकाने दोन महिन्यांचे वेतन थकवले, तर त्याची झळ थेट घरापर्यंत पोहोचते.

बँक कर्ज देण्यापूर्वी कर्जदाराची पत तपासते. नोकरदारही एका अर्थाने धनकोच. महिनाभराचे श्रम तो आधी देतो, मोबदला नंतर घेतो, आणि तेही तारणाविना. तरीही चौकशीचा अधिकार केवळ मालकाचा, ही समजूत घरोघरी रुजलेली आहे.

वास्तविक ही तपासणी मोबाइलवर विनामूल्य होते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधल्यास तिने कोणत्या महिन्याची रक्कम केव्हा व किती कर्मचाऱ्यांसाठी भरली, हे दिसते. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू असून भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करावयाचा असतो. तो वारंवार लांबत असेल, तर त्या मालकाचा ताळेबंद पाहण्याची गरज उरत नाही. दीडशे कामगारांच्या कारखान्यात तीसच नावांचा भरणा दिसला, तर उरलेले कंत्राटदाराकडे आहेत काय, हे विचारावे आणि त्या कंत्राटदाराचाही भरणा पाहावा. फाटकावर पाटी नामांकित कंपनीची आणि नियुक्तिपत्र अपरिचित कंत्राटदाराचे, हा प्रकार नित्याचाच. कंत्राटदाराने वेतन बुडवल्यास ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कारखानदारावर येते. मात्र त्यासाठी नियुक्तिपत्र, हजेरीची नोंद आणि वेतनपावती हाती हवी.

नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याकडे तर फिरकूच नये. मोबाइलवरून असे पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या मालकाला साक्षांकित प्रती द्याव्यात. त्याने हट्ट धरला तर दुसरी नोकरी पाहावी. तारणाविना श्रम देणाऱ्यानेच वर तारण ठेवावे, हा न्याय अजबच!

कागदांत न सापडणारी माहिती पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर मिळते. पगार किती, यापेक्षा तो कोणत्या तारखेला होतो आणि नोकरी सोडून गेलेल्यांचा हिशेब पूर्ण झाला काय, हे तेथे विचारावे.

रुजू झाल्यावरही एक काम उरते. वेतनपावतीवर निधीची कपात दिसली, की पुढील महिन्यात उमंग ॲपवरील पासबुकात ती जमा झाली काय, हे पाहावे. जमा नसल्यास लेखी विचारणा करावी. उत्तर न आल्यास निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर किंवा संभाजीनगर येथील कार्यालयात वेतनपावतीच्या प्रतीसह तक्रार नोंदवता येते.