मधुमेह्यांच्या डोळ्यांतील चुरचुर : कारणे व उपशमन

मधुमेहात डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, वाळू गेल्यासारखे खुपणे ही तक्रार वारंवार आढळते. दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू क्षीण होतात; अश्रुग्रंथींना मिळणारी प्रेरणा मंदावते आणि अश्रूंचा थर विरळ होतो. अशा वेळी परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रूंनी आराम पडतो. डोळे चोळणे मात्र टाळावे. कारण या रोग्यांच्या पारपटलावरील ओरखडा सावकाश भरून येतो.

धूसर दिसण्याचे कारण पुष्कळदा निराळे असते. रक्तशर्करेच्या चढउतारांबरोबर नेत्रभिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते व चष्म्याचा नंबरही बदलतो. म्हणून शर्करा काही आठवडे स्थिर राहिल्यावरच नवा चष्मा करणे इष्ट होय.

तथापि चुरचुर शमली म्हणजे डोळा निर्दोष झाला, असे अनुमान काढता येत नाही. मज्जातंतू अधिक क्षीण झाल्यास संवेदनाच बोथट होते. शिवाय दृष्टिपटलाचा विकार आरंभी वेदनेवाचून वाढतो. यास्तव दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि पहिल्या प्रकारात प्रौढांनी ५ वर्षांच्या आत, बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.