यष्टीमागचे हात की हातातली बॅट?

क्रिकेटच्या अकरा गड्यांत यष्टिरक्षक हा एकच असा, की त्याचे खरे काम धावफलकावर धड उमटत नाही. फलंदाजाने पन्नास केल्या तर पन्नास लिहिल्या जातात. यष्टिरक्षकाने घेतलेला झेल दोन शब्दांत आटोपतो, आणि सुटलेला झेल तर कोठेच लिहिला जात नाही. म्हणूनच संघ निवडताना चांगल्या हातांचा गडी घ्यावा की चांगल्या बॅटीचा, हा वाद दर पिढीत नव्याने पेटतो. तो फाशांच्या खेळात घातला म्हणजे काय होते, ते मी गेल्या दिवाळीत रामाकोन्यास पाहिले.

रामाकोना हे सौंसर तालुक्यातील, छिंदवाडा–नागपूर लोहमार्गावरचे गाव. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा सौंसरबरोबर तेही तिकडे गेले. राज्य मध्य प्रदेश, घरातली भाषा मराठी आणि ओढा नागपूरचा. त्यामुळे तेथील क्रिकेटच्या निष्ठाही दुहेरी. माझी धाकटी बहीण तेथे दिली आहे. तिच्या चिरंजीवांनी संत्र्यांच्या खोक्याचे पुठ्ठे कापून खेळाडूंचे पत्ते केले आहेत. दोन फासे टाकायचे, बेरीज पत्त्यावर पाहायची, चौकार की त्रिफळा ते ठरवायचे. यष्टिरक्षकाच्या पत्त्यावर मात्र एक जादा आकडा: हातांचा, १ ते ५. एक म्हणजे उत्तम.

हा प्रकार त्याला वाटतो तसा त्याच्याच डोक्यातून निघालेला नाही. हॅल रिचमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉलचा पत्त्या-फाशांचा खेळ बाजारात आणला. त्यातही क्षेत्ररक्षणाला १ ते ५ असेच आकडे, आणि फलंदाजामागे उकिडव्या बसणाऱ्या ‘कॅचर’च्या फेकीला आणखी एक वेगळा. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा चुलतभाऊच म्हणावयाचा. त्याचे हात पाहावेत की बॅट, यावर तिकडचे शौकीनही तावातावाने भांडतात. पुढे, २००८ च्या सुमारास, मैदानांवरील कॅमेरे प्रत्येक चेंडूची जागा टिपू लागले, आणि एक गंमत उघडकीस आली. काही कॅचर कडेचा चेंडू इतक्या अलगद घेतात, की पंच तो खराच धरतो. या हातचलाखीने वर्षाकाठी किती धावा वाचतात हे मोजता येऊ लागले. तोवर तिचा हिशेब कोणी ठेवलाच नव्हता!

असो. भाच्याने १९८६ ते ८८ चा भारतीय संघ मांडला होता. जागा एक आणि उमेदवार दोन: बडोद्याचा किरण मोरे आणि मुंबईचा चंद्रकांत पंडित. पंडितची बॅट अशी, की प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याने आठ हजारांवर धावा काढल्या. १९८६ साली लीड्सला तर मोरे यष्टीमागे असताना त्याला नुसता फलंदाज म्हणून कसोटीत खेळवले होते. तरी शेवटी मोरेच्या वाट्यास ४९ कसोट्या आल्या आणि पंडितच्या अवघ्या पाच. भाच्याने मोरेच्या हातांना १ दिला आणि पंडितच्या हातांना ३. हा निवाडा त्याचा. माझ्या मते तो पंडितवर जरा अन्याय करतो.

“काहून मामाजी, पंडितच घ्या न! डावामागं बारा धावा जास्त देते तो,” इति भाचा.

मी वही ओढली. कसोटीत एका बळीमागे ढोबळ मानाने तीस धावा पडतात. म्हणजे सुटलेली एक संधी तीस धावांना पडली. पाच डावांत पंडितच्या बॅटीने साठ धावा जास्त दिल्या, पण त्याच पाच डावांत त्याच्या हातून मोरेपेक्षा दोन संधी जास्त सुटल्या, की हिशेब फिटला. तिसरी सुटली की तोटा. तेव्हा यष्टिरक्षकाची सरासरी राहू द्या. पाच डावांत त्याच्याकडे संधी येणार किती, ते आधी पाहिले पाहिजे. आणि ते तर गोलंदाज कोण आणि खेळपट्टी कशी, यावर ठरते.

येथे १९८८ चा जानेवारी महिना आठवावा. मद्रासच्या कसोटीत आपल्या मध्य प्रदेशच्या नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच वेस्ट इंडीजचे १६ गडी १३६ धावांत टिपले. त्याच सामन्यात मोरेने सहा जणांना यष्टीचीत केले, त्यांपैकी पाच दुसऱ्या डावात. तो कसोटीचा विक्रमच झाला. चेंडू हातभर वळत असताना पुढे सरसावलेला फलंदाज चकतो, आणि तेवढ्या निमिषात बेल उडवायच्या असतात. असल्या सामन्यात डावामागच्या बारा धावांचे काय घेऊन बसायचे?

पण भाच्याच्या खेळात खरी खोट दुसरीच होती. यष्टीमागे मोरे असो की पंडित, हिरवाणीचा पत्ता तसाच राहत होता. माझा पेशा गाणे शिकवण्याचा, म्हणून मला हे लगेच खटकले. साथीला कच्चा तबलजी असला, की जाणता गवई अवघड जागेची तान घेतच नाही. सम हमखास सापडेल एवढेच गातो. मैफल बिघडत नाही, लहान होते. लेगस्पिनरचेही तसेच. मागचे हात भरवशाचे नसतील तर तो चेंडूला उंची देत नाही, गुगली राखून ठेवतो, सपाट टाकू लागतो. मग यष्टीचीतची संधी सुटतही नाही, कारण ती निर्माणच होत नाही. जुन्या मंडळींना सुभाष गुप्ते आणि नरेन ताम्हाणे ही जोडी सांगावयास नको. ताम्हाण्यांची कसोटीतील सरासरी जेमतेम दहाची, पण २१ कसोट्यांत त्यांनी ५१ गडी टिपले, त्यांत १६ यष्टीचीत. बुधी कुंदरनने १९६४ साली मद्रासलाच इंग्लंडविरुद्ध १९२ धावा कुटल्या हे खरे, पण गुप्त्यांच्या चेंडूंवर मी ताम्हाणेच उभे करीन.

तासभर हुज्जत घातल्यावर भाच्याने नवा नियम लिहिला: हातांचा आकडा ३ किंवा त्याहून वाईट असेल, तर लेगस्पिनरच्या पत्त्यावरील यष्टीचीतचे घर रद्द, त्या जागी दोन धावा. हिरवाणी खेळत असला की मोरे, संघात चौघेही वेगवान असले की पंडित, येथवर आमची तडजोड झाली.

मग त्याने हुकमाचे पान काढले: विदर्भाचा अक्षय वाडकर. २०१७-१८ च्या रणजी हंगामाचा अंतिम सामना आपल्या इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला. दिल्लीच्या पहिल्या डावाला खिंडार पाडले ते रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाने, त्रिक्रम साधून. आणि विदर्भाचा डोंगर रचला तो यष्टिरक्षक वाडकरने, खालच्या क्रमांकावर येऊन १३३ धावा काढून. विदर्भाने करंडक प्रथमच जिंकला. म्हणजे वेगवान मारा असेल तर यष्टिरक्षकाची बॅटच पाहावी, हे त्याचे म्हणणे. आणि या सामन्यापुरते ते मला खोडता आले नाही. विदर्भाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. पुढे २०२२ च्या जूनमध्ये त्यांच्याच हाताखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक घेतला, तोही बंगलोरला, जेथे १९९९ साली ते स्वतः मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना अंतिम सामना हरले होते. रामाकोन्याच्या त्या घरात या दोन्ही विजयांचे पेढे वाटले गेले.

भाच्याच्या पुठ्ठ्यांत प्रशिक्षकाचा पत्ता अजून नाही. त्याला कोणता आकडा द्यावा, यावर बहीण जेवायला हाक मारीपर्यंत आमचे एकमत झाले नव्हते.