खाडींतील मुडदुशी : लहान होडींतून गळानें मासे धरण्यासंबंधीं कांहीं सूचना

भाताची मळणी आटोपली, धान्य कणगींत पडलें आणि वाल-कुळथाचा पेरा झाला कीं, कोंकणांतील खाडीकांठच्या शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. या दिवसांत पुष्कळ शेतकरी बंधु लहान होडी घेऊन खाडींत गळ टाकावयास जातात. घरच्या जेवणांत चार ताजे मासे यावे व दोन घटका मन रमावें, एवढाच त्यांचा हेतु असतो. परंतु त्यांतील बरेच जण रिकाम्या टोपलीनें परत येतात, आणि एखादी होडी खाडीच्या तोंडावर संकटांत सांपडल्याच्या वार्ताहि अधूनमधून कानीं येतात. या दोन्ही गोष्टींचें कारण आमच्या मतें एकच आहे. शेतांत उतरण्यापूर्वीं जो मनुष्य जमिनीचा पोत पाहतो व पाण्याचा अंदाज घेतो, तोच मनुष्य खाडींत शिरला म्हणजे तळ व भरती या दोहोंचा विचार करीत नाहीं. मुडदुशी या माशाच्या निमित्तानें हा विचार कसा करावा, तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

माशाची ओळख

मुडदुशी कोंकणांत व गोमंतकांत सर्वांच्या परिचयाची आहे. मंगळूरकडे हिलाच काणे म्हणतात. अंग लांबट व गोलसर, तोंड निमुळतें, रंग फिकट वाळूसारखा व पोट रुपेरी अशी हिची ठेवण असते. पाठीवर दोन पर असतात. पैकीं पुढचा कांटेरी व मागचा लांब आणि मऊ असतो. बाजारांत येणारी मुडदुशी बहुधा वीतभर असते व मोठी झाली तरी फुटापलीकडे सहसा जात नाहीं. शास्त्रज्ञ हिला सिलागो सिहामा म्हणतात. फोर्स्काल नांवाच्या विद्वानाच्या १७७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तिचें वर्णन प्रथम आलें. इंग्रजींत हिच्या जातीस व्हायटिंग म्हणतात, परंतु विलायतेचा मूळ व्हायटिंग हा कॉडच्या कुळांतला निराळा मासा असून तो आपल्या पाण्यांत मिळत नाहीं. मुडदुशीचें मांस पांढरें, मऊ व पचावयास हलकें असल्यानें आजाऱ्यास व मुलांस ती देण्याचा प्रघात आहे.

शिकार करणाऱ्यानें हिच्या दोन संवयी ध्यानांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, ती तळाशीं राहते व वाळूंतील किडे, बारीक कोळंबी, लहान खेंकडे यांवर उपजीविका करते. दुसरी अशी कीं, ती अतिशय भित्री आहे. भय वाटतांच ती वाळूंत शिरून दडते. ओढलेलें जाळें कित्येकदां तिच्या डोक्यावरून निघून जातें तें यामुळेंच.

जागा

ज्या ठिकाणीं तळ वाळूचा आहे तेथेंच मुडदुशी शोधावी. निव्वळ चिखलांत किंवा खडकांत गळ टाकणें म्हणजे कातळावर भात पेरण्यासारखें होय. तळ ओळखण्याची युक्ति सोपी आहे. उथळ पाण्यांत बांबूची काठी टेकवून पाहावी : वाळू असेल तर काठीस खरखर लागते व ती सहज निघते, चिखल असेल तर काठी रुतते व ओढून काढावी लागते. पाणी खोल असल्यास शिशाच्या वजनाच्या तळाला ओला साबण किंवा मेण चोपडून तें दोरीनें खालीं सोडावें. वर येतांना त्यास जें चिकटलेलें असेल तोच तळाचा नमुना. शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू लागली तर जागा उत्तम समजावी, कारण तेथें मुडदुशीचें खाद्य विपुल असतें.

वाळूचा उथळ पट्टा जेथें संपतो व खोल पाण्याचा प्रवाह सुरू होतो, ती कड सर्वांत चांगली. ओहोटीला मासा या कडेच्या खोल अंगास असतो आणि भरती येऊं लागली कीं पाण्याबरोबर पट्ट्यावर चढतो. पाण्याची खोली एक ते दोन वांव असली तरी पुरे.

वेळ

भरतीचा अजमास काढण्याची जुनी रीत अशी कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा; म्हणून सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास भरती. प्रतिपदेस पाऊण, म्हणजे दुपारीं पाऊण वाजतां. हा हिशेब दोन्ही पक्षांस लागू आहे. तो समुद्रकांठचा असून खाडींत जसजसें आंत जावें तसतसा भरतीस उशीर होतो, हें मात्र विसरूं नये. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारें सहा तासांनीं येते.

पाणी चढूं लागल्यापासूनचे पहिले दोन-तीन तास मुडदुशीस उत्तम. कोरडी पडलेली वाळू पाण्याखालीं येऊं लागते, आंतले किडे हालचाल करूं लागतात आणि मासा चरावयास वर येतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा व पाणी गढूळ असतें. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या पुढेंमागें, पाणी संथ व निवळ असतें. नवशिक्यानें भांगाचे दिवस पसंत करावे. मात्र निवळ पाण्यांत माशासहि होडी दिसते, म्हणून गलबला अगदीं करूं नये.

साहित्य व आमिष

या कामास मोठा खर्च नाहीं. बांबूच्या तुकड्यावर गुंडाळलेली शंभर हात तंगुसाची बारीक दोरी, कांहीं गळ व थोडें शिसें इतक्यानें भागतें. मुडदुशीचें तोंड लहान असतें, म्हणून गळ सहा ते आठ नंबरचा, बारीक व लांब दांड्याचा घ्यावा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. शिसें आरपार भोंक असलेल्या मण्याचें असावें व दोरी त्यांतून मोकळी सरकावी. मण्याच्या खालीं एक फिरती कडी बांधून तिच्यापुढें दीड हात आणखी बारीक दोरी व शेवटीं गळ अशी रचना करावी. मासा आमिष ओढतो तेव्हां दोरी मण्यांतून सरकते व त्यास वजन जाणवत नाहीं. संथ पाण्यांत अर्धा तोळा शिसें पुरतें, प्रवाहांत एक तोळा किंवा किंचित् अधिक लागतें. तळ सुटणार नाहीं इतकेंच वजन असावें.

आमिष ताजें पाहिजे. सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा, तिसऱ्यांचें मांस किंवा ओल्या वाळूंत खणून काढलेले किडे हीं उत्तम. किडा गळाच्या दांड्यावरून मोज्याप्रमाणें चढवावा व टोंक किंचित् बाहेर ठेवावें. लहान मासे आमिष वारंवार कुरतडून नेत असतील तर माकुलाची बारीक पट्टी लावावी. ती चिवट असल्यानें टिकते. आमिषाचें भांडें उन्हांत न ठेवतां ओल्या गोणपाटाखालीं ठेवावें.

गळ टाकण्याची रीत

इच्छित जागेच्या वरच्या अंगास, म्हणजे जिकडून प्रवाह येतो तिकडे, नांगर हळूच सोडावा आणि दोर ढिला करीत होडी जागेवर येऊं द्यावी. वल्हीं आपटूं नयेत. होडीच्या तळाशीं गोणपाट अंथरला तर पायांचा आवाज पाण्यांत जात नाहीं. गळ प्रवाहाच्या दिशेनें टाकून शिसें तळास टेकूं द्यावें, दोरी ताणून तर्जनीवर धरावी व मधूनमधून वीतभर ओढावी. शिसें सरकतांना वाळूचा लहानसा धुरळा उठतो, आणि कांहीं तरी चरतें आहे असें समजून मुडदुशी जवळ येते.

ती लागली म्हणजे बोटास दोन-तीन बारीक टिचक्या जाणवतात. या वेळीं हिसका देणारा मनुष्य मासा गमावतो. टिचक्यांनंतर जो सरळ ओढा लागतो त्याची वाट पाहावी व तो लागतांच मनगटानेंच दोरी उचलावी. तोंड कोमल असल्यानें जोराचा झटका दिल्यास तें फाटतें. अर्ध्या घटकेंत एकहि टिचकी न लागल्यास जागा बदलावी. मुडदुशी थव्यानें फिरते, म्हणून एक लागली कीं तेथेंच दुसरी लागण्याचा संभव अधिक. मांस मऊ असल्यानें लवकर बिघडतें. धरलेला मासा तत्काळ बर्फांत किंवा ओल्या फडक्यांत सावलींत ठेवावा.

होडीची सुखरूपता

आतां अधिक महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत पहांटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व दुपारीं समुद्राकडून खारा वारा येतो. अष्टमीच्या सुमारास सकाळीं सहानंतर ओहोटी लागते. त्या वेळीं जो होडी सोडतो त्याला पाणी व वारा दोघेहि समुद्राकडे लोटतात. वल्हें एक आणि ओढणारे दोन अशी त्याची अवस्था होते. उलट दुपारीं ओहोटी असून खारा वारा सुटला तर खाडीच्या तोंडावर वारा व प्रवाह समोरासमोर येतात आणि आंखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडी उलटते ती बहुधा अशाच पाण्यांत.

म्हणून नियम असा करावा कीं, अष्टमीच्या पुढेंमागें दुपारची भरती धरावी. तेव्हां पाणी व वारा दोन्ही घराकडे आणतात. पौर्णिमा व अमावास्या यांच्या पुढेंमागें सकाळीं भरती मिळते, ती धरावी. मात्र प्रवाह जोराचा असल्यानें खाडीच्या आंतील उथळ पट्ट्यावरच राहावें. मुडदुशी चरण्याची वेळ आणि होडी सुखरूप राहण्याची वेळ अशी एकच ठरते, ही शिकाऱ्याच्या दृष्टीनें मोठी सोय होय.

आणखी चार गोष्टी पाळाव्या. नांगर नेहमीं होडीच्या नाळेवरून टाकावा. बाजूनें बांधल्यास प्रवाह होडी कलंडवितो. दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट-चौपट असावा. उलांडी नसलेल्या होडींत उभें राहूं नये. प्रत्येकानें लाइफ जॅकेट अंगावर घालावें; फळीखालीं ठेवलेलें जॅकेट कोणास वांचवीत नाहीं. पावसाळ्यांत तर खाडीच्या तोंडाकडे फिरकूंच नये. तसेंच गाबीत, खारवी, दालदी इत्यादि लोकांचें पोट या पाण्यावर आहे. त्यांच्या जाळ्यांवर नांगर टाकूं नये.

लहान मासे व आपली उघाडी

गळाचा एक गुण असा कीं, त्यानें मासा एकेक येतो आणि कोणता ठेवावा तें आपणांस ठरवितां येतें. वीतभर न भरलेली मुडदुशी हात ओला करून, गळ हलकेच काढून परत सोडावी. परंतु येथें आपण शेतकऱ्यांनीं आपल्या दाराशींहि पाहिलें पाहिजे. मुडदुशीचीं पिलें खाडीच्या उथळ पाण्यांत वाढतात व भरतीबरोबर खार जमिनींच्या बांधांपर्यंत येतात. कांहीं ठिकाणीं भाताची कापणी झाल्यावर खाचरांत खारें पाणी घेऊन ओहोटीला उघाडीच्या तोंडाशीं बारीक वीणीची झोळी लावतात. गोमंतकांत मानशीवर अशीच मासेमारी चालते व तिच्या हक्काचा लिलावहि होतो. झोळीची वीण बारीक असेल तर मोठ्या कोळंबीबरोबर बोटभर पिलेंहि अडकतात; त्यांस बाजारांत मोल नसतें आणि तीं बांधावर वाळत पडतात. होडींतला मनुष्य दिवसभरांत दहा मुडदुशा धरतो व पांच सोडतो, तेवढ्यांत घरची झोळी एका ओहोटींत शेंकडों पिलें मारीत असेल तर त्याच्या संयमाचा उपयोग काय?

१९४८ च्या खार जमीन कायद्यानें बांध व उघाड्या यांची व्यवस्था कायद्याच्या कक्षेंत आली; पुढें १९७९ सालीं महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला. जमिनीचा गुंठा न् गुंठा सातबाऱ्यावर चढलेला आहे, परंतु खाडीचें पाणी कोणाच्याहि सातबाऱ्यावर नाहीं. त्यामुळें त्याची काळजी कोणाचीच नाहीं असा समज पसरला आहे. आमची वाचकांस विनंति आहे कीं, ज्यांच्या बांधास उघाडी आहे त्यांनीं येत्या उधाणास झोळी स्वतः उचलून पाहावी, बोटाएवढीं पिलें किती आहेत तें मोजावें, आणि तीं सुटून जातील इतकी रुंद वीण पुढील झोळीस घ्यावी. बियाणें खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. खाडीच्या बियाण्यासहि तोच न्याय लावला पाहिजे.