पेशीपटलातील लिपिडांची मांडणी आणि दात्रपेशी रक्तक्षय

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा हा बहुसंख्य आदिवासी वस्तीचा तालुका. सह्याद्री व सातपुडा यांच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा आणि ‘सिकल सेल’ या नावाने लोकांस परिचित झालेला दात्रपेशी रक्तक्षय येथेही चिंतेचा विषय आहे. हीमोग्लोबिनमधील एका ग्लुटामिक अम्लाच्या जागी व्हॅलिन येणे हे त्याचे मूळ होय, असे इंग्रॅम यांनी १९५७ साली दाखविले. तथापि रोग्याच्या सर्व यातनांचा उलगडा एवढ्याने होत नाही. त्यासाठी तांबड्या पेशीच्या पटलाकडे वळावे लागते.

हे पटल लिपिडांच्या दोन थरांचे असते, हा निष्कर्ष गॉर्टर व ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या पेशींवरूनच काढला. पुढे १९७२ साली सिंगर व निकोलसन यांनी पटल प्रवाही असल्याचे प्रतिपादन केले. परंतु प्रवाही म्हणजे सर्वत्र सारखे नव्हे. स्फिंगोमायलिन मुख्यत्वे बाह्य थरात, तर फॉस्फॅटिडिलसेरीन जवळजवळ सर्वस्वी आतील थरात असते. ही विषमता टिकविण्यासाठी ‘फ्लिपेज’ हे प्रथिन एटीपीची ऊर्जा सतत खर्च करीत असते. शिवाय अनेक पेशींत, एकाच थरातही, स्फिंगोमायलिन व कोलेस्टेरॉल यांचे दाट, अल्पजीवी पुंजके बनतात, असे मानले जाते. त्यांचा आकार सुमारे १० ते २०० नॅनोमीटर असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकास ते दिसत नाहीत. दोन्ही थर परस्परांपासून अलिप्तही नाहीत. बाहेरील काही प्रथिनांचे पुंजके बनण्यास आतील फॉस्फॅटिडिलसेरीन आवश्यक असते, असे बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखविले.

आता दात्रपेशीचा विचार करू. प्राणवायू कमी होताच तिच्यातील हीमोग्लोबिनचे तंतू बनतात व पेशी वाकते. हे वारंवार घडल्याने पेशीत कॅल्शियम शिरते, फ्लिपेज मंदावते आणि लिपिडांची सरमिसळ करणारी यंत्रणा जागृत होते. परिणामी काही पेशींत फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येते. तेथे रक्त गोठविणारे घटक एकत्र येतात, पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटतात व भक्षकपेशी त्यांना अकाली गिळतात.

येथे लिपिड नवे नाही; त्याची केवळ जागा बदलली आहे. अशा पेशी द्रावकात विरघळवून लिपिडांची मात्रा मोजल्यास हा स्थानबदल मुळीच कळणार नाही. अखंड पेशीवर ॲनेक्सिन हे फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारे प्रथिन वापरले, तर तो उघड होतो. म्हणून पटलाच्या अभ्यासकाने ‘किती’ या प्रश्नाबरोबर ‘कोठे’ आणि ‘कोणाच्या शेजारी’ हे प्रश्नही विचारले पाहिजेत.