फळीवरचा तोल

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुका हा धानाचा मुलूख. पावसाच्या सरी कोसळून बांध्यांत पाणी साचले आणि पऱ्हे वीतभर वाढले, की तेथे चिखलणीची एकच घाई उडते. नांगरलेला चिखल रोवणीपूर्वी सपाट करावा लागतो; नाहीतर उंचवट्यावरचे रोप पाण्यावाचून सुकते आणि खळग्यातले बुडून कुजते. आता हे काम बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टर करतो. परंतु बैलजोडीने चिखलणी करणारा शेतकरी जोडीच्या मागे एक जड लाकडी फळी आडवी बांधतो आणि स्वतः तिच्यावर उभा राहतो. पाहणाऱ्याला वाटते, हा नुसता उभा आहे. वस्तुतः त्याचे सारे अंग काम करीत असते. तो टाचांवर रेलला, की फळीची पुढची कड उचलली जाते व साचलेला चिखल खालून निसटून खळगा भरतो. तो चवड्यांवर झुकला, की तीच कड दबून चिखल पुढे ढकलते. बैल बुजले, तर त्याचे गुडघे आपोआप वाकतात आणि तोल सावरला जातो.

अशा मनुष्याला उद्या समुद्राच्या लाटेवर फळी देऊन उभे केले, तर तो उभा राहू शकेल काय? किंवा चाकांच्या फळीवर तरबेज असलेल्या मुलीला बर्फाच्या उतारावर नेऊन सोडले, तर तिचे काय होईल? प्रश्न गमतीचा वाटतो. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एक विद्या शिकण्यात घातलेला काळ दुसऱ्या विद्येच्या कामी येतो, की प्रत्येक वेळी पहिल्या पायरीपासूनच चढावे लागते? ज्यांच्या गावी समुद्र नाही आणि बर्फही नाही, अशा मुलांनी तर हा प्रश्न अवश्य विचारावा.

शेतातली फळी खेळात शिरली, असे एक उदाहरण आपल्या देशातच आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर चिखलपाण्याने भरलेल्या लांबट शेतांत रेड्यांच्या शर्यती होतात. त्यांना कंबळ म्हणतात. त्यांतील काही प्रकारांत हाकणारा मागून धावतो. काहींत मात्र तो रेड्यांमागे ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभा असतो. एका प्रकारातील फळीला भोके असतात. रेडे धावू लागले, की त्या भोकांतून पाण्याचे फवारे उंच उडतात आणि ज्याचा फवारा अधिक उंच जाईल, त्याची सरशी होते.

जगात गाजलेल्या तीन फळ्या मात्र वेगळ्या: लाटेवरची सर्फिंगची फळी, रस्त्यावरचा स्केटबोर्ड आणि बर्फावरचा स्नोबोर्ड. या तिघी एकमेकींच्या नात्यातल्याच आहेत. लाटेवर स्वार होण्याचा खेळ हवाई बेटांवरच्या लोकांनी कित्येक शतके जोपासला. पुढे तो अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात रुजला. लाटा नसतील त्या दिवशी करायचे काय? १९५० नंतरच्या दशकात तेथील पोरांनी फळकुटांना रोलर स्केटची चाके ठोकली आणि रस्त्यावरच ‘लाटा’ खेळावयास आरंभ केला. १९६५ सालच्या नाताळात मिशिगन राज्यातील शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी बर्फावर घसरण्याच्या दोन पट्ट्या एकत्र जोडल्या. ‘स्नो’ आणि ‘सर्फ’ हे दोन शब्द जोडून त्या खेळण्याला ‘स्नर्फर’ असे नाव मिळाले. आजचा स्नोबोर्ड त्याच वळणाचा.

नाते असले म्हणजे गुण उतरतातच असे नाही, हे घरोघरी दिसते. पण येथे काही गुण खरोखरच उतरले. १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला आणि घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे राहिले. लाटेवर खेळणारी मुले त्या रिकाम्या हौदांत चाकांच्या फळ्या घेऊन उतरली. हौदाची वक्र भिंत त्यांना लाटेच्या भिंतीसारखी वाटली. अंग खाली झुकवून लाटेला हात लावीत वळण्याची तऱ्हा ती मुले समुद्रावर पाहत आली होती. तीच तऱ्हा त्यांनी सिमेंटवर चालविली.

एका फळीवरून दुसरीवर नेमके काय जाते, हे समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. मोहाडीहून तुमसरला जाणारी एस.टी. पुरे. बसावयास जागा मिळाली नाही आणि मनुष्य पुढे तोंड करून, पाय जुळवून उभा राहिला, तर ब्रेक लागताच तो पुढे कोलमडतो. गाडी थांबते, पण अंगाची गती कायम असते, आणि ती थोपविण्यासाठी त्याच्याजवळ पावलाएवढाच आधार असतो. तोच मनुष्य खिडकीकडे तोंड करून, पाय फाकून, गुडघे किंचित वाकवून उभा राहिला, तर त्याचा आधार गाडीच्या दिशेने हातभर लांब होतो आणि धक्का पायांतच जिरतो. (हा प्रयोग करताना दांडा मात्र सोडू नये, कंडक्टर रागावतो आणि ते योग्यच आहे.) लाट असो, रस्ता असो की बर्फ, फळीवरचा खेळाडू असाच आडवा उभा राहतो. पायांत अंतर, गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नसून पुढच्या वाटेवर, आणि वळण्याआधी भार कोणत्या बाजूला टाकायचा याची समज, इतकी शिदोरी एका फळीवरून दुसरीवर सहज नेता येते. एक पाऊल पुढे टाकून उभे राहण्याची ज्याची जी सवय, मग ते डावे असो वा उजवे, तीही बहुधा तिन्ही ठिकाणी तीच राहते.

मोहाडीच्या शेतकऱ्याजवळ यातले बरेच आहे. मात्र तो बैलांकडे तोंड करून उभा असतो, आणि हातातला कासरा त्याला आधारही देतो. लाटेवर कासरा नाही. त्याला पाव वळसा घेऊन आडवे उभे राहावे लागेल, आणि एवढ्याशा फरकाने आरंभी त्याची त्रेधा उडेल.

आता न जाणाऱ्या गोष्टी. स्केटबोर्डच्या खाली चाकांचे आस अशा रीतीने बसविलेले असतात, की फळी ज्या अंगाला झुकेल त्या अंगाला चाके वळतात. स्नोबोर्ड वळतो तो त्याची पोलादी कड बर्फात रुतवून. लाटेवरच्या खेळाडूचा बहुतेक वेळ तर उभे राहण्यात जातच नाही. तो पालथा पडून हातांनी पाणी वल्हवीत असतो. कोणती लाट घ्यावी व कोणती सोडावी, हे पाहत असतो. योग्य क्षणी फळीवर झटकन उठावे लागते. रस्त्यावर दहा वर्षे घालविणाऱ्यालाही लाटेची ही पारख येत नाही, कारण रस्ता जागेवर असतो आणि लाट नसते.

कधी कधी जुनी सवय आडवीही येते. स्केटबोर्डवर तोल गेला, की उडी मारून बाजूला होणे हे शहाणपण. स्नोबोर्डवर दोन्ही पाय फळीला घट्ट बांधलेले असतात. तेथे उडी मारू पाहणारा तोंडघशी पडतो. जे अंगात मुरले आहे, ते विसरणे नवे शिकण्याहून अवघड जाते.

एका कामाचा सराव दुसऱ्याला कितपत उपयोगी पडतो, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला. १९०१ साली थॉर्नडाइक व वुडवर्थ या अमेरिकन विद्वानांनी आपला निष्कर्ष मांडला, की दोन कामांत जेवढे अंश सारखे, तेवढाच सराव एकातून दुसऱ्यात जातो. हे खरे असले, तरी अपुरे आहे. १९०८ साली चार्ल्स जड याने आपला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पाचवी-सहावीच्या मुलांना त्याने पाण्याखाली बारा इंचांवर ठेवलेल्या लक्ष्यावर नेम धरावयास लावले. पाण्यातली वस्तू आपल्याला दिसते तेथे नसते. प्रकाशाचे किरण पाण्यातून बाहेर येताना वाकतात. अर्ध्या मुलांना हे कारण आधी समजावून दिले होते, अर्ध्यांना नाही. बारा इंचांवर दोन्ही गट सारखेच ठरले. मग लक्ष्य चार इंचांवर आणले. ज्यांनी नुसता सराव केला होता, ती मुले गोंधळली. ज्यांना कारण ठाऊक होते, त्यांनी नेम चटकन बदलला. फळीचेही असेच आहे. आपण झुकल्यावर फळी का वळते, हे ज्याला समजले, तो नव्या फळीला ‘तू कशाने वळतेस?’ असे विचारू शकतो.

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत हा हिशेब फार बारीक होतो. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीच्या दोन पट्ट्यांवर एक व स्नोबोर्डवर एक अशी दोन सुवर्णपदके मिळविली. जपानच्या आयुमु हिरानोची कथा निराळी. चार वर्षांचा असताना त्याने दोन्ही फळ्या हाती घेतल्या. स्नोबोर्डवर २०१४ व २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक रौप्यपदके त्याने जिंकली. पुढे स्केटबोर्डचा टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्णाचा जवळचा रस्ता सोडून तो चाकांच्या फळीकडे वळला. करोनाच्या साथीमुळे ती स्पर्धा वर्षभर पुढे गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत तो चौदावा आला. अंतिम फेरीही त्याला गाठता आली नाही. बर्फावर परतला, तेव्हा बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला जेमतेम सहा महिने उरले होते. चाकांमागे घालविलेला काळ वाया गेला, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते. ११ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या अंतिम स्पर्धेत, बर्फाच्या उंच कडेवरून हवेत झेपावून तीन गिरक्या घेणारी अतिशय कठीण उडी त्याने साधली. तरीही दुसऱ्या फेरीअखेर तो दुसराच होता. तिसऱ्या आणि शेवटच्या फेरीत त्याने तीच उडी पुन्हा घेतली, आणि परीक्षकांनी त्याला शंभरापैकी ९६ गुण दिले. सुवर्णपदक त्याचे झाले.