बाळापूरकराच्या जिभेवर स्पॅनिश

परदेशी भाषा शिकायची म्हटले की आपल्याकडचा मनुष्य प्रथम इंग्रजीच्या देवडीवर जाऊन उभा राहतो आणि तेथला परवाना मिळाल्यावाचून पुढच्या दालनात पाऊल टाकता येणार नाही, अशी त्याची दृढ समजूत असते. ही समजूत स्पॅनिशच्या बाबतीत जितकी निराधार आहे तितकी अन्य कोणत्या युरोपीय भाषेच्या बाबतीत क्वचितच असेल. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या, घरी वऱ्हाडी आणि बाजारपेठेत उर्दू ऐकत लहानाचा मोठा झालेल्या बाळापूरकराला, माद्रिदच्या वा मेक्सिकोच्या स्थानकावर निभावून नेण्यापुरती स्पॅनिश थेट मराठीतून शिकणे अधिक सुकर जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भाषेकडे जाणारी वाट विदर्भाला अगदीच अपरिचित आहे, असेही नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ, १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या; दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या इमारतीतील भित्तिचित्रात त्यांची आकृती रंगविली. तेथल्या कुणब्याशी पेरणीविषयी बोलायचे तर त्याच्याच भाषेत बोलणे प्राप्त होते. आपल्याला एवढा पल्ला गाठायचा नाही. तिकीट काढावे, खोली मिळवावी, वाट विचारावी आणि दोन घास खावेत, इतकेच प्रयोजन.

आरंभ उच्चारांपासून करावा, कारण मराठी माणसाचे खरे भांडवल तेथे आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या मार्गाने आलेला विद्यार्थी त्यांचा ट आणि ड करतो व मग ती खोड मोडण्यात त्याचे महिने जातात. क, त आणि प यांच्या मागे इंग्रजीत जो हकाराचा झोत येतो तोही येथे नाही. स्वर पाचच, स्वच्छ आणि स्थिर. लिहिल्याप्रमाणे वाचावे हा नियम बहुतांशी पाळला जातो, म्हणून वाक्ये देवनागरीत उतरवून घेतली तरी मोठे नुकसान होत नाही. त्यांचे ‘एच’ अक्षर मुके असते, ‘बी’ आणि ‘व्ही’ यांचा उच्चार एकच. ‘जे’ या अक्षराचा उच्चार मात्र घशातून घासत येणारा, उर्दूतल्या ‘ख़बर’ आणि ‘ख़त’ यांच्या ख़सारखा. पुण्या-मुंबईच्या शिक्षित माणसाला तो मुद्दाम घटवावा लागतो. बाळापुरात तो शेजारच्या ओट्यावर रोज ऐकू येतो. प्रवास म्हणजे ‘बिआख़े’, सामान म्हणजे ‘एकिपाख़े’: हे शब्द तेथल्या मुलाने पहिल्याच दिवशी बिनचूक म्हणावेत.

व्याकरणातही असेच. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला पेटी स्त्रीलिंगी का आणि रस्ता पुल्लिंगी का, याचे मोठे गूढ वाटते. आपल्याला ते जन्मतःच सुटलेले असते. पुरुषाने ‘एस्तोय कान्सादो’ म्हणावे आणि स्त्रीने ‘एस्तोय कान्सादा’, हे ‘दमलो’ आणि ‘दमले’ यांहून निराळे काय आहे? मी, तू ही सर्वनामे गाळण्याची सोयही दोन्हीकडे आहे. ‘बोय आ तोलेदो’ म्हणजे ‘तोलेदोला चाललोय’, ‘मी’ म्हणायची गरज नाही. आदरार्थी ‘उस्तेद’ हा शब्द मूळच्या ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजून झालेला अवशेष असून त्याच्यापुढे क्रियापद तृतीय पुरुषी येते. ‘सरकारांनी बसावे’, ‘साहेबांनी यावे’ अशी भाषा ज्यांच्या पूर्वजांनी कचेरीत बोलली, त्यांना हा अदब समजावून द्यावा लागत नाही. कचेरीवरून आठवले: स्पेनवर इ.स. ७११ पासून पुढे अरबी अंमल बसला आणि १४९२ साली ग्रानादा पडेपर्यंत तो कमीअधिक प्रमाणात टिकला, त्यामुळे वऱ्हाड सुभ्याच्या दफ्तरातले काही शब्द तिकडेही वेष पालटून भेटतात. विमानतळावर जकात तपासतात ती ‘आदुआना’ म्हणजे आपल्या दिवाणाचीच नातलग, आणि तेथल्या नगराध्यक्षाला म्हणतात ‘आल्काल्दे’, तो मूळचा काझी.

मराठी उपयोगी पडत नाही असे एक ठिकाण मात्र आहे, आणि ते चुकविता येत नाही. आपले ‘आहे’ एकच, त्यांचे दोन. मनुष्य मूळचा कोठला, कोण, कसा, हे सांगताना ‘सोय’: ‘सोय दे ला इंदिया’. तो या घटकेला कोठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे सांगताना ‘एस्तोय’: ‘एस्तोय एन माद्रिद’. स्थानक कोठे आहे हे विचारतानाही या दुसऱ्याचेच रूप येते: ‘दोंदे एस्ता ला एस्तासिओन?’ येथे पाठांतराला पर्याय नाही.

प्रवासातली उरलेली वाक्ये म्हणजे अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बाळापूरच्या स्थानकावर आपण जे बोलतो तेच. गाडी किती वाजता सुटते? ‘आ के ओरा साले एल आउतोबुस?’ केवढ्याला? ‘क्वांतो क्वेस्ता?’ जाऊन-येऊन तिकीट द्या: ‘उन बिय्येते दे ईदा ई बुएल्ता, पोर फाबोर.’ प्रश्न विचारणे सोपे असते. फजिती होते ती उत्तर ऐकताना, आणि पाठ्यपुस्तके याविषयी फारशी काळजी घेत नाहीत हा माझा त्यांच्यावरचा आक्षेप आहे. खिडकीमागचा मनुष्य भरभर सांगतो, ‘आ लास त्रेस ई मेदिया’, म्हणजे साडेतीनला. किंवा ‘आ लास क्वात्रो मेनोस क्वार्तो’, म्हणजे चाराला पाव कमी, अर्थात पावणेचार. सव्वा, साडे, पावणे या हिशेबात वाढलेल्या कानाला ही रचना परकी वाटू नये. आकडेही एकतीसपासून नव्व्याण्णवपर्यंत ‘तीस आणि एक’ अशा सरळ रीतीने येतात. आपल्या एकुणसत्तर-एकुणऐंशीशी झगडलेल्या पोराला ती विश्रांतीच. तरीही न कळले तर ‘नो एन्तिएन्दो’ म्हणावे आणि पुढे ‘मास देस्पासिओ, पोर फाबोर’, जरा हळू, हे जोडावे.

रीतसर शिकायचे झाल्यास पुण्याच्या विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग आहे आणि दिल्लीत स्पेनच्या सरकारची सेर्वांतेस संस्था आहे. शिकण्यापूर्वी कोठे जायचे ते मात्र ठरवावे. स्पेनमध्ये ‘ग्रासियास’मधला पहिला स बहुतेक ठिकाणी जिभेचे टोक दातांत धरून उच्चारतात, मेक्सिकोत तो साधा स. तिकिटाला स्पेनमध्ये ‘बिय्येते’, मेक्सिकोत ‘बोलेतो’. बस पकडणे या अर्थी स्पेनमधला सभ्य गृहस्थ ‘कोख़ेर’ हे क्रियापद दिवसातून दहादा वापरतो, पण तोच शब्द मेक्सिकोत किंवा आर्जेन्तिनात उच्चारला तर ऐकणारे एक तर हसतात किंवा मान फिरवितात, कारण तेथे त्याचा अर्थ चारचौघांत सांगण्याजोगा नाही. म्हणून नवशिक्याने प्रथमपासून ‘तोमार’ हेच क्रियापद पाठ करावे, ते स्पेनमध्येही चालते.