चार माळे की चाळीस? : विद्यापीठाच्या आसपासची घरे

परकोट, खंदक आणि देवळांची शिखरे. यांहून उंच काही पाहण्याची पाळी पवनीत वाढलेल्या माणसावर सहसा येत नाही. जगन्नाथ टेकडीचे नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तेथे उत्खनन केले आणि टेकडीच्या पोटातून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. म्हणजे विद्यापीठ आमच्या गावी आधी येऊन गेले. आमच्या घरचे कुणी विद्यापीठाकडे निघाले आहे ते आता.

गेल्या उन्हाळ्यात मी बाबांबरोबर भिवापूर-उमरेडमार्गे एस.टी.ने नागपूरला गेले. माझी मावसबहीण तेथे एम.ए. करते. विद्यापीठ परिसरापासून पायी जाता येईल अशा एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला तीन खोल्या होत्या आणि त्यांत सहा मुली राहत. घरमालकीण काकू मुलींना दिवेलागणीनंतर बाहेर जाऊ देत नसत, म्हणून आमच्या मावशीचा त्या घरावर भारी विश्वास. तो बंगला बिल्डरला दिला गेला. तेथे बारा माळ्यांची फ्लॅट स्कीम होणार असल्याचा फलक आम्ही पाहिला. सहा मुलींना दोन महिन्यांची मुदत मिळाली. पुढच्या वर्षी मलाही अशीच खोली लागणार आहे आणि ती जवळपास मिळाली नाही तर घरचे मला पाठवतील की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. विद्यापीठाच्या शेजारी किती उंच बांधावे हा प्रश्न मला पडला तो असा.

बाबा सेंट्रिंगचे मिस्त्री आहेत. फलकाकडे पाहून ते म्हणाले, "पोरी, चार-पाच माळ्यापर्यंत मिस्त्री बांधते, त्याच्यावर मशीन बांधते." हे त्यांनी सहज म्हटले, पण त्यात पुष्कळ अर्थ आहे. चार-पाच माळ्यांच्या इमारतीचा स्लॅब मिक्सर-लिफ्ट लावून आमच्याकडची मंडळी टाकू शकतात. त्याच्या वर गेले की काँक्रीटचा पंप, टॉवर क्रेन, कंपनीचे शटरिंग, जाड कॉलम, खोल पाया हे सारे आले. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत 'उंच इमारत' ठरते आणि तिला आगीपासून बचावाचे कडक नियम लागू होतात. राहायला गेल्यावरही लिफ्टची वीज, पाणी चढवणारे पंप, जनरेटर, पहारेकरी यांचा खर्च दरमहा चालूच राहतो. म्हणून उंच इमारतीतला प्रत्येक चौरस फूट बुटक्या इमारतीतल्यापेक्षा महाग पडतो.

मग लोक उंच का बांधतात? "जागा कमी, माणसे जास्त, म्हणून वर जावे लागते," असे उत्तर आपण सगळेच देतो. मीही वर्गात हेच दिले असते. पण ते पुरते खरे नाही आणि याचा उलगडा होण्यासाठी 'चटई क्षेत्र निर्देशांक' ही संज्ञा समजून घ्यावी लागते. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो हा आकडा. समजा, भूखंड १०,००० चौरस फुटांचा आहे आणि निर्देशांक २ आहे. म्हणजे एकूण २०,००० चौरस फूट बांधता येईल. आता अर्धा भूखंड व्यापून ५,००० चौरस फुटांचे चार माळे बांधा, किंवा आठवा हिस्सा व्यापून १,२५० चौरस फुटांचे सोळा माळे बांधा. दोन्हींत बांधकाम तेवढेच. उंची वेगळी आणि दाटी वेगळी. हे हिशेबाचे गणित मला वहीवर मांडेपर्यंत पटले नव्हते.

दाटी कशावर ठरते? एका घराला किती जागा दिली यावर. मुंबईचीच दोन उदाहरणे घेऊ. चार्ल्स कोरिया या थोर वास्तुशिल्पज्ञाची 'कांचनजंगा' ही इमारत १९८३ साली पूर्ण झाली. तिचे माळे २८ आणि घरे अवघी ३२. उलट १९२०च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींच्या एकेका इमारतीत तळमजला धरून चार माळे आणि खोल्या ८०. तेव्हा गगनचुंबी इमारत म्हणजे जास्त माणसांची सोय, हे समीकरण बरोबर नाही. अर्थात १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार आणि संडास बाहेर सामाईक, याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या चाळी पाडून आता उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि २०२५ साली वरळीच्या काही रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. ज्याच्या चार पिढ्या एका खोलीत गेल्या, त्याला "तुम्ही चार माळ्यांतच राहा, ते सुंदर दिसते" असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

सुंदर दिसते हे मात्र खरे. मुंबई विद्यापीठाचा जुना परिसर फोर्टमध्ये आहे. विद्यापीठाची स्थापना १८५७ची, दीक्षान्त सभागृह १८७४चे आणि राजाबाई टॉवर १८७८चा. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव दिले. हा मनोरा २८० फूट उंच आहे. त्याच्यासमोर ओव्हल मैदान, आणि मैदानाच्या पलीकडे पश्चिमेला १९३०च्या दशकात, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर बांधलेल्या आर्ट डेको शैलीच्या निवासी इमारतींची ओळ. कोणतीही इमारत शेजारणीच्या डोक्यावर चढलेली नाही. साधारण पाच माळ्यांची ही सरळ रेघ आपोआप आली नाही. तेथील भूखंड देतानाच उंची आणि दर्शनी भाग सारखा राखण्याच्या अटी होत्या. एका बाजूला विद्येचा मनोरा एकटा उंच, दुसऱ्या बाजूला राहणाऱ्यांची घरे एका उंचीत, मध्ये मुलांचे क्रिकेट. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजूंना, मरीन ड्राइव्हच्या इमारतींसह, जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात एकंदर ९४ इमारती आहेत.

त्याच मैदानापासून थोडे दक्षिणेकडे गेले की नरिमन पॉइंट. तेथे १९७०च्या दशकात निराळाच खेळ सुरू झाला. एअर इंडियाची २३ माळ्यांची इमारत १९७४ची. मधल्या काळात काय बदलले? जुन्या पद्धतीत इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली असे. मुंबईच्या १९६४च्या विकास आराखड्याने चटई क्षेत्राचा हिशेब आणला. हा आकडा किती बांधावे ते सांगतो, किती उंच बांधावे ते सांगत नाही. रस्त्याशी असलेले नाते सुटले आणि इमारत एकटी झाली.

(याच विद्यापीठाच्या कालिना परिसराच्या आसपास मात्र उंचीला आजही लगाम आहे. कारण विमानतळ शेजारी! नगररचनाकारांना जे जमत नाही ते विमानाला जमते.)

आता प्रकाशाचा मुद्दा. उंच इमारतीची सावली लांब पडते, म्हणून दोन इमारतींत अंतरही त्या मानाने वाढवावे लागते. अंतर वाढवले की वर जाऊन वाचवलेली जमीन पुन्हा अंतरातच खर्ची पडते. केंब्रिज विद्यापीठात लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च या दोघांनी १९६०च्या दशकात हे भूमितीने दाखवून दिले. मध्यभागी मनोरा उभारण्याऐवजी भूखंडाच्या कडेकडेने बांधकाम केले आणि मध्ये अंगण मोकळे ठेवले, तर तेवढेच क्षेत्र कितीतरी कमी उंचीत बसते. हे वाचताना मला हसू आले, कारण कडेने खोल्या आणि मधे चौक म्हणजे आपला वाडाच की! केंब्रिजच्या गणिताने जे सिद्ध केले, त्यात आपले पूर्वज विहिरीसह आणि तुळशीवृंदावनासह राहत होते.

उंच इमारतींची बाजू घेणारेही आंधळे नाहीत, हे येथे सांगितलेच पाहिजे. नागपूरच्या मेट्रोची शंकरनगरवरून जाणारी मार्गिका जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात जास्त चटई क्षेत्र देण्याचे धोरण आहे. भूखंड मोठा आणि रस्ता रुंद असेल तर निर्देशांक ४ पर्यंत जातो. स्टेशनजवळ जास्त लोक राहावेत, म्हणजे मोटारी कमी होतील, हा विचार मला पटतो. एकमजली बंगल्यात दोन वृद्ध माणसे आणि भोवती आंब्याची झाडे, ही चैन शहराच्या मध्यभागी कायम परवडणार नाही. निर्देशांक ४ झाला तरी अर्धा भूखंड व्यापून आठ माळ्यांत तो संपतो. चाळीस माळ्यांची गरज तेथेही नाही.

माझी तक्रार उंचीपेक्षा वेगळीच आहे. त्या बंगल्याच्या मागच्या तीन खोल्या कोणत्याही नकाशावर 'वसतिगृह' म्हणून नव्हत्या. चार माळ्यांच्या जुन्या घरात मालक खाली राहतो, वरच्या खोल्या भाड्याने देतो, गच्चीवर एक पत्र्याची खोली काढतो आणि तीत पवनी, लाखांदूर, अड्याळचा कुणी मुलगा एम.ए. होऊन जातो. बारा माळ्यांच्या स्कीममध्ये घरे वाढतील, पण सगळी दोन-तीन बेडरूमची आणि विकत घ्यायची. विद्यापीठाच्या शेजारी घरे वाढली आणि विद्यार्थ्यांची जागा कमी झाली, असा हा चमत्कारिक हिशेब आहे. जास्तीचे चटई क्षेत्र देताना त्यातला काही हिस्सा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांसाठी राखून ठेवण्याची अट घालता येणार नाही का? १९३०च्या दशकात जर सारख्या उंचीची अट घालता आली, तर ही अट फार अवघड नसावी. आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी मित्रांनी यावर आपले मत जरूर कळवावे.

परत येताना आमची एस.टी. जिकडे निघाली होती, तिकडून रेतीचे टिप्पर एकामागून एक नागपूरच्या दिशेने येत होते. वैनगंगेच्या घाटांवरची रेती. बाबा खिडकीतून पाहत होते. "आपली नदी चालली वर राहाले," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

मावसबहिणीला शेवटी दूरच्या एका वस्तीत खोली मिळाली. इमारत जुनी, तिसरा माळा, लिफ्ट नाही, विद्यापीठाला जायला दोन बसा. सामान वर नेताना बाबांनी सवयीने पायऱ्या मोजल्या. चोपन्न भरल्या.